वाट्याला आलेला राजा

राजे वाटून घ्यायचे ठरले तेव्हा सगळ्यांत आधी दावीद संपला. पोलीसप्रमुखांनी खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्याच्यावर हक्क सांगितला, आणि पोलिसांशी वाद कोण घालणार? शलमोन खजिना अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी नको नको म्हणत घेतला, पण मिळाला नसता तर महिनाभर रुसून बसले असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. शौल मात्र कुणालाच नको होता. शेवटी तो नव्याने रुजू झालेल्या शिक्षणाधिकारी बाईंच्या गळ्यात पडला, कारण त्यांना अजून नाही म्हणायची सवय झाली नव्हती. पाळकांनी दुष्ट म्हणून गाजलेल्या अहाबाचं नाव काढलं मात्र, सगळे आपापल्या कपात डोकावून बघू लागले.

शहरात सरकारी कामात असलेल्या ख्रिस्ती मंडळींची वर्षातून एकदा सभा भरायची. एरवी तिथे एखादं गीत, एखादी प्रार्थना आणि भरपूर चहा एवढंच असायचं. यंदा पाळकांच्या मनात काहीतरी भरीव करायचं आलं. जुन्या करारातल्या राजांकडून आजच्या कारभाऱ्यांनी काय शिकावं, हा विषय त्यांनी काढला. प्रत्येकाने एक राजा घ्यायचा, थोडक्यात बोलायचं आणि खाली बसायचं.

नगराध्यक्षांना काही मागावंच लागलं नाही. "तुमचा हिज्कीया," पाळक म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात विचारायचं काय होतं?

कारण हिज्कीयाने खडक फोडून आपल्या शहरात पाणी आणलं होतं, आणि आमच्या नगराध्यक्षांनीही पाणीच आणलं होतं. त्यांच्या आधी नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. त्यांनी शहराबाहेरच्या माळावर खोल विहिरी खोदून घेतल्या, पंपघरं बांधली, जुन्या नळवाहिन्या उपसून नव्या टाकल्या. आता नळ केव्हाही सोडा, पाणी हजर. दुसरं म्हणजे, हिज्कीया मरणाच्या दारात पोचला होता. भिंतीकडे तोंड करून तो रडला आणि देवाने त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. नगराध्यक्षही गेल्या वर्षी भर सभागृहात छातीला हात लावून कोसळले होते. शस्त्रक्रिया झाली, मंडळीने पाळ्या लावून प्रार्थना केल्या, आणि ते आपल्या पायांनी चर्चमध्ये परत आले तेव्हा पाळकांनी व्यासपीठावरून त्यांना 'आमचा हिज्कीया' म्हटलं. नाव चिकटलं. ते वरवर संकोचायचे, पण कुणी तसं म्हटलं की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

त्या आजारपणात त्यांना भेटायला बरेच जण आले. त्यात थंड पेयांच्या कारखान्याचे व्यवस्थापकही होते. ते याच मंडळीतले, सरळ माणूस. कंपनीच्या मुख्य कचेरीतून आलेले दोन पाहुणे त्यांच्याबरोबर होते, आणि हातात फुलांची एवढी मोठी परडी की दारातून आडवी करून आणावी लागली. नगराध्यक्ष घरात बसून कंटाळले होते. बायकोचा डोळा चुकवून त्यांनी पाहुण्यांना गाडीत घातलं आणि थेट माळावर नेलं. विहिरी दाखवल्या, पंपघरं दाखवली, साठ्याच्या टाकीवर चढून सगळा पसारा दाखवला. "आमच्याकडे पाण्याला काही तोटा नाही," ते म्हणाले. पाहुण्यांनी खूप कौतुक केलं. दोन महिन्यांनी कंपनीचा प्रस्ताव आला. कारखाना दुप्पट वाढवायचा, तीनशे माणसांना काम द्यायचं, आणि त्यासाठी शहराने विहिरींचं पाणी द्यायचं. करारावर सही करायचा सोमवार ठरला. निवडणूक तीन महिन्यांवर आली होती. याहून चांगला मुहूर्त कुठला?

सभा त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी होती. त्याच आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या अभियंता बाई त्यांना भेटायला आल्या.

या बाई फारसं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. काम असेल तेव्हा यायच्या, काम सांगून जायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी दार लावून घेतलं. माळाखाली गोड्या पाण्याचा थर आहे आणि त्याच्याखाली खारं पाणी आहे, हे त्यांनी आधी समजावलं. वरचं गोडं पाणी आपण जितकं ओढतो तितकं खालचं खारं वर सरकतं. काठाकडच्या दोन विहिरींच्या तळाशी त्याची चव लागायला सुरुवात झाली आहे. एकदा खारं पाणी वर आलं की ते परत खाली जात नाही. मग या विहिरी कायमच्या गेल्या.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"आत्ता जेवढा उपसा आहे तेवढाच राहिला तर दहा-बारा वर्षं. कारखाना वाढला तर सात-आठ."

नगराध्यक्षांनी एक लांब श्वास सोडला. खुर्चीत मागे रेलले. "बाप रे," ते हसून म्हणाले, "मला वाटलं येत्या उन्हाळ्यातच काहीतरी होतंय. चहा घेणार?"

बाई म्हणाल्या, चहा नको. काय करावं लागेल ते त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. शहराला पाणी फक्त सकाळ-संध्याकाळ द्यायचं, कारखान्याचा उपसा हळूहळू निम्म्यावर आणायचा, वाढीव काही द्यायचं नाही. नगराध्यक्ष म्हणाले, निवडणूक होऊ दे, मग बसून बघू. बाईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. नगराध्यक्षांनी पुढची फाइल ओढली आणि दुपारपर्यंत ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेलीसुद्धा.

संध्याकाळी ते भाषणाच्या तयारीला बसले. हिज्कीयाची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती, निदान त्यांची तशी समजूत होती. मूर्ती फोडल्या, अश्शूरचा राजा चालून आला, धमकीचं पत्र देवापुढे पसरलं, शहर वाचलं. मग आजार, रडणं, पंधरा वर्षं, आणि खूण म्हणून सावलीचं दहा पायऱ्या मागे सरकणं. एवढं वाचून ते सहसा थांबत. आज बोलायचं होतं म्हणून पान उलटून पुढे वाचत गेले.

पुढे दूरच्या बाबेलच्या राजाकडून दूत आले होते. राजा आजारी होता असं ऐकून ते भेटी घेऊन आले होते, आणि राजाने खूश होऊन त्यांना आपली सगळी कोठारं उघडून दाखवली होती. नगराध्यक्षांनी पुस्तकातून डोकं वर काढलं. कोपऱ्यात ती फुलांची मोठी परडी अजून होती, आता तिच्यात बायको लोकर ठेवायची. त्यांनी पुन्हा वाचायला सुरुवात केली. यशया संदेष्टा राजाकडे येतो आणि सांगतो, हे सगळं एक दिवस बाबेलला वाहून नेलं जाईल. तुझ्या वेळी नाही, तुझ्या मुलांच्या वेळी. त्यावर राजा काय म्हणतो? म्हणतो, ठीक आहे, चांगलं झालं. कारण मनात त्याने हिशेब केला होता की आपण जिवंत आहोत तोवर तरी शांतता आहे.

नगराध्यक्षांना आपला सकाळचा तो लांब श्वास आठवला.

त्यांनी पुस्तक मिटलं. उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले, परत उठले. बाहेर शेजारी नळी सोडून गाडी धूत होता. साबण केव्हाच निघून गेला होता, तरी पाणी वाहत होतं आणि शेजारी फोनवर बोलत उभा होता. नगराध्यक्षांना वाटलं जाऊन नळ बंद करावा. पण काय म्हणून करावा? चोवीस तास पाणी त्यांनीच तर दिलं होतं. ते न्हाणीघरात गेले आणि तिथला बंद असलेला नळ पुन्हा एकदा आवळून आले.

त्यांची बायको इस्पितळात परिचारिका होती आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायची. ती कामावरून आली तेव्हा नवरा खोलीभर येरझाऱ्या घालत होता.

"अगं, हिज्कीयाची गोष्ट तू मुलांना सांगतेस, तेव्हा शेवट कुठे करतेस?" त्यांनी विचारलं.

"सावली मागे सरकते तिथे. मुलांना ते फार आवडतं."

"आणि पुढचं?"

"पुढचं मोठ्यांसाठी आहे," ती म्हणाली आणि पायातले बूट काढू लागली.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. माळावरचे पाहुणे सांगितले, ज्याबद्दल ती आधी रागावली. मग विहिरी, खारं पाणी, दहा-बारा वर्षं. ती ऐकत होती.

"मग तुम्ही काय म्हणालात त्या अभियंता बाईंना?"

"चहा घेणार का म्हणालो."

मग ते बोलत सुटले. कसं सगळं जुळतंय, आजार तसाच, पाहुणे तसेच, देवानेच हा राजा आपल्या वाट्याला घातला, आपणही शेवटी त्याच्यासारखेच निघालो. ती म्हणाली, "पापी म्हणून का होईना, तुम्हाला राजाच व्हायचंय. अहो, तुम्ही नगराध्यक्ष आहात. तुमच्या हातात काही विहिरी आहेत आणि सोमवारी एक सही आहे. त्याचं काय करायचं ते बघा."

हे त्यांना लागलं. ताटावरून उठताना भांडण काढायचा एक प्रयत्न त्यांनी केला, पण ती भांडली नाही.

पुढचे दिवस त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कचेरीत एका कागदावर सही करायच्या जागी त्यांनी तारीख लिहिली आणि तारखेच्या जागी सही केली. सभागृहातल्या चर्चेत भलतीकडेच मान डोलावली, आणि त्यामुळे भाजीबाजारातल्या दोन गाळेवाल्यांचं भाडं माफ होता होता राहिलं. रस्त्याने जाताना त्यांना सगळीकडे पाणीच दिसायला लागलं. बागेतले फवारे, हॉटेलच्या दारात पायऱ्या धुणारी पोरं, भरून वाहणाऱ्या गच्चीवरच्या टाक्या. इतकी वर्षं या वाहत्या टाक्या बघून त्यांना समाधान वाटायचं. आता एखाद्या गच्चीवरून धार पडताना दिसली की ते गाडी थांबवायला सांगायचे आणि मग ड्रायव्हरने का म्हणून विचारलं की, काही नाही, चल, म्हणायचे.

शुक्रवारी ते पाळकांकडे गेले. पाळक मागच्या अंगणात मोडक्या बाकाला खिळे ठोकत होते. नगराध्यक्षांनी आडवळण न घेता सांगितलं की मला दुसरा राजा द्या.

"अहाब मोकळा आहे," पाळक म्हणाले.

नगराध्यक्ष हसले नाहीत, तेव्हा पाळकांनी हातोडी खाली ठेवली. शेवटच्या भागाबद्दल ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावतात. काही जण म्हणतात राजा स्वार्थी झाला. पण काही जण म्हणतात, देवाचा निवाडा त्याने नम्रपणे मान्य केला, एवढंच. देव जे बोलला ते चांगलंच, असं त्याचं म्हणणं. "तुम्ही दुसरा अर्थ घ्या," पाळक म्हणाले. "किंवा तो भाग सोडूनच द्या. मी इतकी वर्षं संदेश देतोय, त्या भागावर एकदाही बोललो नाही."

"का बरं?"

पाळकांनी पुन्हा हातोडी उचलली. "मंडळीत कुणी ना कुणी आजारी असतं. त्यांना ती पंधरा वर्षं हवी असतात. त्यापुढचं मी कुणाला ऐकवू?"

दुसऱ्या अर्थाने नगराध्यक्षांना घरी पोचेपर्यंत बरं वाटलं. राजा नम्र होता. असेलही. पण तो कसा होता हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि आपण कसे होतो हे मात्र पक्कं ठाऊक होतं. त्या श्वासात नम्रतेचा लवलेश नव्हता. वाचलो बुवा, एवढंच त्यात होतं.

शनिवारी सभेला हॉल भरला होता. पोलीसप्रमुख दावीदावर बोलले आणि त्याने दुसऱ्याची बायको बथशेबा पळवली त्या भागाला सफाईने वळसा घालून गेले. शिक्षणाधिकारी बाई मात्र शौलावर फार छान बोलल्या. शौल दिसायला उंच होता पण लोक काय म्हणतील याला घाबरायचा, असं त्या म्हणाल्या तेव्हा हॉलमधल्या बऱ्याच उंच माणसांनी पाय जवळ घेतले. मग नगराध्यक्ष उठले.

सुरुवात त्यांची झकास झाली. बोलायची त्यांना सवय होती. खडक फोडून आणलेलं पाणी, देवापुढे पसरलेलं पत्र, भिंतीकडे केलेलं तोंड. आपल्या आजारपणाचा ओझरता उल्लेख केला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी डोळे टिपले. सावली मागे सरकली तिथे पाळकांनी समाधानाने मान डोलावली. तिथे संपवलं असतं तर टाळ्यांचा पाऊस पडला असता. त्यांनाही ते कळत होतं. त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, प्यायले, आणि पुढचा भाग सांगितला. दूत सांगितले, उघडलेली कोठारं सांगितली, यशयाचे शब्द सांगितले, आणि त्यावर राजा काय म्हणाला ते सांगितलं.

"इतक्या चांगल्या राजाने असं का म्हणावं, हे मला आधी कळत नव्हतं," ते म्हणाले. "या आठवड्यात कळलं. त्याला हायसं वाटलं. मला यापुढे काही बोलता येत नाही."

आणि ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना समजेना. मागे कुणीतरी दोन-तीन वाजवल्या आणि तेही ओशाळून थांबलं. पाळकांनी लगबगीने गीताचा क्रमांक सांगितला.

चहाच्या वेळी कारखान्याचे व्यवस्थापक त्यांच्याजवळ आले. नगराध्यक्षांनी या आठवड्यात मनातल्या मनात या माणसाला बाबेलचा दूत करून टाकलं होतं. पण समोर उभा होता तो घामेजलेल्या कपाळाचा, बशीत चहा सांडलेला एक माणूस, ज्याच्या बायकोने इस्पितळात आपल्यासाठी रात्री जागून काढल्या होत्या.

"घाबरवलंत हो तुम्ही," व्यवस्थापक म्हणाले. "सोमवारचं ठरलंय ना आपलं?"

नगराध्यक्षांना खरं तर अजून विचार करतोय असंच सांगायचं होतं. तसं वाक्य तोंडात तयारही होतं. पण ते म्हणाले, "नाही. मी सही करणार नाही."

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की मग वरती मी काय सांगू. नगराध्यक्षांनी विहिरींची सगळी हकिगत त्यांच्या कानावर घातली. ती त्यांनी ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, तुमचं बरोबर असेल, पण त्या तीनशे जणांतली निम्मी नावं मी लोकांना सांगून बसलोय. मग त्यांनी बशीतला चहा कपात ओतला, पण तो न पिताच ठेवून दिला.

घरी मेहुणा वाट बघत होता. बायकोचा हा धाकटा भाऊ निवडणुकीचं सगळं काम बघायचा, आणि त्याच्या आवाजामुळे सगळीकडे त्याला भोंगा म्हणत. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. दिवाणखान्यात छापून आलेल्या पोस्टरांचे गठ्ठे पडले होते. 'चोवीस तास पाणी, चोवीस तास अध्यक्ष!'

"दाजी, ही आता कुठे घालू?" त्याने विचारलं. भोंग्याचा आवाज त्या दिवशी आश्चर्य वाटावं इतका खाली होता. "दहा वर्षांनी खारं होणाऱ्या पाण्यासाठी आज मत कोण देणार तुम्हाला? ते मतदार अजून शाळेत जातायत."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

मेहुण्याने सांगून पाहिलं की आधी निवडून या, मग हवं ते करा. ही युक्ती त्यांच्या मनातही येऊन गेली होती. चार दिवस तीच तर ते घोळवत होते. पण करारावर एकदा सही झाली की तो वीस वर्षांसाठी होता, आणि सही न करता निवडणुकीपर्यंत रेटायचं तर लोकांना रोज खोटं सांगावं लागणार होतं. शिवाय त्यांना स्वतःची ओळख होती. निवडून आल्यावर त्यांना आणखी एखादं कारण सापडलं असतं.

सोमवारी त्यांनी सभागृहापुढे अभियंता बाईंचा प्रस्ताव मांडला. बाई नेहमीप्रमाणे कोरड्या आवाजात बोलल्या आणि दोन सदस्य डुलक्या घेऊ लागले. पाणी फक्त सकाळ-संध्याकाळ, हे शब्द आले तसे ते खडबडून जागे झाले. मग जो गदारोळ झाला तो संध्याकाळपर्यंत चालला. मतदानात दोन्ही बाजू सारख्या पडल्या. अशा वेळी अध्यक्षाचं मत धरायचं असा नियम. नगराध्यक्षांनी हात वर केला. प्रस्ताव मंजूर झाला तो एकट्या त्यांच्या हाताने, त्यामुळे पुढे दोष वाटून घ्यायला कुणी उरलं नाही.

व्हायचं ते झालं. कंपनीने नवा कारखाना दुसऱ्या शहरात काढला आणि व्यवस्थापकांची बदली झाली. लोक पहाटे उठून बादल्या भरायला लागले आणि बादल्या भरताना नगराध्यक्षांचा उद्धार करायला लागले. चर्चमध्ये काही जण त्यांचा हात हातात घ्यायचं टाळू लागले. एक आई, जिच्या मुलाचं नाव त्या तीनशेत होतं, त्यांच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसली. तिला उठताना बघून त्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण काय बोलणार? तिच्या मुलाला आजच काम हवं होतं. भोंग्याला समोरच्या पक्षाने बोलावलं. तो बहिणीला सांगून, तिच्या हातचं जेवून मगच गेला. निवडणुकीत नगराध्यक्ष पडले, आणि असे पडले की मोजणी अर्धी झाल्यावर अधिकाऱ्यांनीच त्यांना घरी जायला सुचवलं.

त्यांना वाटलं होतं की एवढं झाल्यावर तरी मन शांत होईल. योग्य ते केलं, किंमत मोजली, संपलं. पण तसं झालं नाही. नवा अध्यक्ष बांधकामाचे ठेके घेणारा गडी होता, राजाबिजाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, आणि त्याने पुन्हा चोवीस तास पाणी द्यायचं वचन देऊन निवडणूक जिंकली होती. त्याने एका सहीने सगळं उलटवलं तर? जुने अध्यक्ष पंधरा दिवस घरात घुटमळले आणि शेवटी त्याला भेटायला गेले. ज्या खोलीत त्यांनी लोकांना ताटकळत ठेवलं होतं, त्याच खोलीत ते बराच वेळ ताटकळले. शिपायाने दोनदा येऊन माफी मागितली.

नव्या अध्यक्षाने त्यांना अदबीने बसवलं. अभियंता बाई आपल्याकडे येऊन गेल्या, असं सांगितलं. "दादा, मोकळं बोलू का?" तो म्हणाला. "नियम तुमचा आहे, शिव्या तुम्हाला पडतायत. मी तो मोडला आणि पाणी बिघडलं, तर त्या माझ्याकडे येतील. सध्या तरी मी कशाला हात लावू?"

"आणि वचन दिलंत त्याचं?"

"वर्षभर अभ्यास चालू आहे म्हणून सांगेन. मग बघू."

यात आनंद मानावा की डोक्याला हात लावावा, हे त्यांना कळेना. बाहेर पडताना जिन्यात अभियंता बाई भेटल्या. त्यांनी बाईंना विचारलं, फरक पडतोय का काही? बाई म्हणाल्या, खारं पाणी वर येणं थांबल्यासारखं दिसतंय, पण यंदा पाऊसही चांगला झालाय, त्यामुळे कशामुळे थांबलं ते सांगता येत नाही. बरीच वर्षं मोजत राहावं लागेल.

"म्हणजे मी केलं ते बरोबर की चूक, हे कळायला..."

"तेव्हा आपण दोघंही या कचेरीत नसू," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून ते सभागृहाच्या प्रत्येक बैठकीला जायला लागले. आता ते मागे, नागरिकांसाठी ठेवलेल्या लाकडी बाकांवर बसत. लोक म्हणायचे खुर्ची सुटत नाही. भोंगा म्हणायचा, दाजी पुढच्या वेळची तयारी करतायत. बायको म्हणायची, एवढं जाता तर निदान उशी तरी घेऊन जा, पाठ धरते तुमची. त्यांनी उशी कधी नेली नाही. घरी बसवत नव्हतं आणि तिथे बसूनही जिवाला चैन नव्हतं, पण तिथे निदान विषयांची यादी वाचली जायची आणि ती ऐकता यायची.

एका बैठकीत गाड्या धुण्याच्या नव्या केंद्राला स्वतःची खोल विहीर खोदायची परवानगी द्यावी असा विषय आला. कुणाला त्यात रस नव्हता. बाहेर जेवणाची वेळ होत आली होती आणि हात वर जाण्याच्या बेतात होते. मागच्या बाकावरून एक हात आधीच वर गेलेला होता. नव्या अध्यक्षाने तो पाहिला, न पाहिल्यासारखं केलं, आणि मग सुस्कारा सोडून म्हणाला, "बोला, दादा."

ते बाकाचा आधार घेत उठले आणि बोलायला लागले.